उजाडेपर्यंत नांगर टाकून: कठीण काळात ख्रिस्ती विश्वास कसा जपावा

मे महिना सरत आला की कोकणच्या किनाऱ्यावर आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, घाई सुरू होते. सुकवलेले बांगडे आणि गोलमो (बारीक सुकी कोळंबी) डब्यांत भरून ठेवले जातात, पडवीत लाकडे रचली जातात, छपरावर चढून कौले चाळली जातात, होड्या वर ओढून झापांनी झाकल्या जातात. पाऊस कोसळू लागल्यावर लाकडे शोधायला निघणाऱ्याला आमच्याकडे कोणी शहाणे म्हणत नाही. विश्वासाच्या बाबतीत मात्र आपल्यापैकी बहुतेक जण नेमके हेच करतात, आणि ऐन वादळात हाताला काही लागले नाही की आपला विश्वास मुळातच खोटा होता अशी समजूत करून घेतात.

मी धर्मगुरू नाही. सिंधुदुर्गातील किनाऱ्यालगतच्या एका वाडीत शिक्षकी पेशात आयुष्य गेले, आणि धर्मग्रामाच्या (चर्चच्या स्थानिक समाजाच्या) कामात असल्यामुळे आजारपण, मृत्यू, कर्ज, बुडालेला हंगाम, दूरच्या बोटीवर अडकून पडलेला मुलगा अशा प्रसंगी अनेक घरांत जाऊन बसण्याची वेळ आली. त्यातून जे पदरी पडले आणि स्वतःच्या चुकांमधून जे शिकलो, ते येथे मांडत आहे. यातील बरेचसे कॅथलिक घरांच्या सवयींना धरून आहे. इतर मंडळ्यांतील वाचकांनी जपमाळेच्या जागी आपली कौटुंबिक उपासना किंवा एखादे भजन ठेवले तरी चालेल.

आधी अपेक्षा तपासून घ्याव्यात

बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात एका जहाजाची हकिकत आली आहे, आणि समुद्रावर पोट असलेल्या माणसाला ती कोणत्याही प्रवचनापेक्षा लवकर समजते. कैदी म्हणून रोमला नेला जाणारा पौल धरून त्या जहाजावर २७६ माणसे होती. वादळाला चौदा दिवस होत आले होते आणि कित्येक दिवस सूर्य किंवा तारे दिसले नव्हते. मध्यरात्री खलाशांना जमीन जवळ आल्याचा वास लागला. त्यांनी बुडीद (खोली मोजायची दोरी) टाकून पाहिले तर आधी वीस वाव पाणी लागले आणि थोडे पुढे गेल्यावर पंधरा वाव. खडकावर आपटू या भीतीने त्यांनी जहाजाच्या मागच्या बाजूने चार नांगर सोडले आणि दिवस उजाडावा म्हणून प्रार्थना करीत राहिले.

नांगर टाकल्याने वादळ थांबले नाही. नांगराचे काम एवढेच की अंधारात जहाज सरकत जाऊन फुटू नये. शिवाय सकाळी ते जहाज वाचलेच नाही. त्याचा पुढचा भाग रुतून बसला, मागचा भाग लाटांनी फोडला आणि माणसे कोणी पोहत, कोणी फळ्या धरून किनाऱ्याला लागली. विश्वास म्हणजे होडी न बुडण्याची हमी, असे ज्याला लहानपणापासून शिकवले गेले आहे त्याचा विश्वास पहिल्याच फुटलेल्या होडीबरोबर तळाला जातो, आणि त्यात दोष त्या माणसाचा नसून त्याला मिळालेल्या शिकवणीचा असतो.

त्या प्रसंगी सगळे जिवंत राहिले हे खरे. म्हणूनच ज्या घरातला माणूस समुद्रातून परत आलेला नाही त्या घरात ही हकिकत सांगू नये. तेथे त्याच पुस्तकाचा १२वा अध्याय मला अधिक प्रामाणिक वाटतो. त्याच्या आरंभी हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो आणि लगेच पुढे तुरुंगातल्या पेत्राला देवदूत सोडवून नेतो. मंडळी पेत्रासाठी कळकळीने प्रार्थना करीत होती असे लिहिले आहे; याकोबासाठी कोणी केलीच नसेल असे मानायला काही आधार नाही. एक मारला गेला आणि एक सुटला, असे का, याचे उत्तर त्या अध्यायात एका ओळीनेही दिलेले नाही. लिहिणाऱ्याने जे दिले नाही ते आपण शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून देऊ नये.

मी ते एकदा दिले होते. पावसाळ्यानंतर होड्या पुन्हा पाण्यात गेल्या त्या सुरुवातीच्या दिवसांत नवरा गमावलेल्या एका बाईंच्या घरी तिसऱ्या दिवशी गेलो असता, काय बोलावे ते न सुचून ‘देवाची इच्छा’ असे म्हणून गेलो. त्या चुलीपुढे बसून पेजेखालचा जाळ सारत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, ‘देवान तुमका येऊन सांगल्यान काय, मास्तर?’ मी गप्प झालो. त्यानंतर अर्धा तास तसाच बसून राहिलो, आणि त्या भेटीत उपयोगाचे जे काही झाले ते त्या अर्ध्या तासातच झाले असावे. पवित्र शास्त्रातील दुःखाने पिचलेल्या ईयोबाचे मित्रही पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले होते. ते बोलू लागले तेथपासून बिघडले.

पेज, झोप आणि डॉक्टर

एलीया संदेष्टा ‘आता मला मरण दे’ असे म्हणून रानात झुडपाखाली आडवा झाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, आणि पुन्हा उठवून पुन्हा खायला घातले. पुढचा चाळीस दिवसांचा प्रवास त्या अन्नाच्या बळावर झाला, असे पवित्र शास्त्रात स्पष्ट म्हटले आहे.

रुग्णाला गोव्यात बांबोळीच्या किंवा कोल्हापूरच्या इस्पितळात हलवल्यावर त्याच्यासोबतचा माणूस चार-चार रात्री बाकड्यावर काढतो, चहा-बिस्किटावर राहतो, आणि मग ‘माझ्याने प्रार्थना होत नाही, देव दूर गेला आहे’ असे सांगू लागतो. अशा वेळी आधी त्याच्या जागी दुसऱ्या कोणाला तरी बसवून त्याला घरी आणावे, आंघोळ आणि गरम जेवण झाल्यावर आठ तास झोपू द्यावे. देव दूर गेला की नाही याचा विचार त्यानंतर करता येतो. झोप, भूक आणि कामातले लक्ष कित्येक आठवडे परत येत नसेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर डॉक्टरांकडे जावे. ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर फोनवरून मदत करते. गोळ्या घेतल्याने विश्वास कमी पडला असे होत नाही. मधुमेहाच्या गोळ्या घेताना आपल्याला तसे कधी वाटत नाही.

प्रार्थना लहान करावी, पण तिची जागा सोडू नये

संकट आले की मोठमोठे संकल्प करण्याकडे आपला कल असतो. रोज पूर्ण जपमाळ, रोज मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना), शुक्रवारी कडक उपास, शिवाय एखादी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. पंधरा दिवसांत यांतले काही जमेनासे होते आणि मूळ दुःखात अपराधीपणाची भर पडते. माझा अनुभव असा की कठीण काळात प्रार्थना वाढवण्याऐवजी ती इतकी लहान करावी की वाईटातल्या वाईट दिवशीही ती राहून जाणार नाही. सकाळी प्रभूची प्रार्थना एकदा, आणि रात्री जपमाळेची पाच दशके न म्हणता एकच दशक, म्हणजे दहा ‘नमो मरिया’. एवढे पाच मिनिटांत होते.

ही प्रार्थना घड्याळाला न बांधता घरातल्या एखाद्या ठरलेल्या कामाला बांधावी. चुलीवर किंवा गॅसवर पहिले आधण ठेवले की सकाळची. क्रूसापुढे दिवा लावला की संध्याकाळची. घड्याळ पाहायचे भान दुःखात राहत नाही, पण चहाचे आधण कोणत्याही घरात ठेवलेच जाते. मन लागत नसेल तर न लागू द्यावे. तोंडाने शब्द म्हटले गेले की त्या दिवसाचे काम झाले असे समजावे. भावनेशिवाय केलेली प्रार्थना ढोंगी असते असे मानणाऱ्यांनी एवढे आठवावे की तापात घेतलेल्या पेजेला चव लागत नाही, तरी ती अंगी लागते.

थकलेल्या मनाला नवे शब्द सुचत नाहीत. जे पाठ असते तेच ओठांवर येते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील राचोल येथे छापले गेले. त्यांनी ख्रिस्ताची कथा या भागातल्या लोकांना सांगताना ओवी निवडली, कारण ओवी कानात राहते. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग आणि भजने लिहिली, ती आजही मराठी मंडळ्यांमध्ये टाळांवर म्हटली जातात. आगोटीची बेगमी म्हणतात ती हीच. बरे दिवस असतात तेव्हा २३वे, १२१वे आणि १३०वे स्तोत्र, शिवाय एखादे भजन सगळ्या घराने मिळून पाठ करावे, मुलांकडूनही करून घ्यावे. आठवड्याला चार ओळी घेतल्या तरी एका वर्षात हे सगळे सहज होते.

वाचनासाठी मार्ककृत शुभवर्तमान घ्यावे. चारांतले ते सर्वांत लहान, अवघ्या सोळा अध्यायांचे आहे, आणि त्यातील शिष्य आपल्याइतकेच गोंधळलेले आहेत.

देवाकडे तक्रार कशी करावी

आपल्याकडे देवाशी भांडणे म्हणजे पाप अशी एक समजूत घराघरांत असते. आजी पुटपुटायला लागली की आई तिला गप्प करते. परंतु १५० स्तोत्रांचा संग्रह उघडून पाहिला तर त्यात फार मोठा वाटा गाऱ्हाण्यांचाच आहे, आणि ही गाऱ्हाणी देवाच्या मंदिरात, समूहाने, वाद्यांवर म्हटली जात होती. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच ‘कोठवर’ या प्रश्नाने होते आणि पहिल्या दोन ओव्यांमध्ये तो प्रश्न चारदा येतो. बाविसाव्या स्तोत्राचे पहिले वाक्य स्वतः येशूने क्रूसावर उच्चारले: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ त्यागल्याची भावना अविश्वासाची खूण असती तर ती त्याच्या तोंडी आली नसती.

बहुतेक गाऱ्हाणी शेवटी आशेकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वळत नाही. त्याचा शेवट अंधारातच होतो, आणि ज्यांनी हा संग्रह जुळवला त्यांनी त्याला एखादी उजळ ओळ जोडलेली नाही. ज्याला आशेचे शब्द म्हणवत नाहीत अशा माणसाला पवित्र शास्त्रात बसायला ही एक जागा मुद्दाम ठेवलेली आहे, असे मी मानतो.

प्रत्यक्षात हे असे करावे. दार लावून एकट्याने, किंवा विश्वासातले कोणी असेल तर त्याच्यासह, तेरावे स्तोत्र मोठ्याने वाचावे. मनातल्या मनात वाचल्याने ते होत नाही. आवाज कानावर पडला पाहिजे. ‘कोठवर’ या शब्दाशी थांबावे आणि तेथे आपली गोष्ट नाव घेऊन घालावी: बँकेचा हप्ता कोठवर, आईचे डायलिसिस कोठवर, मुलाचा फोन येणार नाही तो कोठवर. गोलमोल बोलू नये. ‘आमचे दुःख दूर कर’ या वाक्यात देवाला सांगण्यासारखे काही नसते, ते आपण सवयीने म्हणत असतो. ‘बुधवारी रिपोर्ट येणार आहे आणि मला तो उघडायची भीती वाटते’ असे म्हटले की ती प्रार्थना होते. स्तोत्राचा शेवट आशेचा आहे म्हणून आपणही तेथवर लगेच पोहोचलेच पाहिजे असे नाही. वाटेत थांबलात तर तेथेच खूण घालून पुस्तक मिटावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी.

याला जोडून एक शंभर पानी वही ठेवावी. रोज तारीख घालून तीन ओळी लिहाव्यात: आज काय झाले, त्याबद्दल देवाकडे काय तक्रार आहे, आणि उद्यासाठी काय हवे आहे. पुष्कळ जण यात चौथी ओळ आभाराची घालायला सांगतात. मी सांगत नाही. आभार आतून आले तर कोणी लिहायला नको म्हणणार नाही, परंतु शोकात असलेल्या माणसाला रोज तीन आभार मोजून लिहायला लावणे म्हणजे त्याला देवासमोर खोटे बोलायला शिकवणे आहे. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा माझ्या वहीत सलग एकोणीस दिवस दुसऱ्या ओळीत एकच वाक्य आहे, ‘तू आहेस तर बोल.’ विसाव्या दिवशी काही चमत्कार झाला असे नाही. त्या दिवशी मी ‘वडील आज दोन घास जेवले’ असे लिहिले आणि तक्रारीची ओळ रिकामी सोडली.

मार्काच्या चौथ्या अध्यायातील शिष्यही तक्रारच करतात. होडीत पाणी भरत असताना येशू मागच्या भागात उशीवर झोपलेला आहे, आणि ते त्याला उठवून विचारतात की आम्ही बुडत आहोत याची तुम्हाला काळजी नाही काय. त्याने उठल्यावर आधी वाऱ्याला धमकावले. शिष्यांना विश्वासाबद्दल विचारले ते नंतर. निदान क्रम तरी आपण त्याच्याकडून शिकावा. नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका’ असे एका दमात म्हणतो, आणि एवढ्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर त्याचा मुलगा बरा होतो. ज्याला दुसरी कोणतीच प्रार्थना सुचत नाही त्याने हे एक वाक्य दिवसभर घोळवावे.

दुसऱ्यांच्या खांद्यावर

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले त्या वेळी करोनामुळे चर्चची दारे बंद होती. वादळाच्या दुसऱ्या दिवशी वाडीतील एका वृद्ध जोडप्याच्या घराची अर्धी कौले उडून रिपा उघड्या पडल्या होत्या, आणि अंथरुणावर पडून असलेल्या म्हाताऱ्यावर छत्री धरून त्याची बायको बसली होती. वाडीतले चौघे आले. एक छपरावर, एक शिडीवर आणि दोघे खाली अशी साखळी करून त्यांनी घरामागे रचून ठेवलेली जुनी कौले एकेक करून वर पोचवली. त्यांतले दोघे ख्रिस्ती नव्हते. म्हाताऱ्याच्या हातात जपमाळ होती, पण तो ती म्हणत नव्हता, वर चाललेले काम बघत होता.

मला तेव्हा मार्काचा दुसरा अध्याय आठवला. तेथे चौघे जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर उचलून आणतात, गर्दीमुळे दारातून वाट मिळत नाही म्हणून छप्पर उसकटून त्याला येशूसमोर खाली सोडतात. त्यानंतरचे शब्द नीट वाचावेत: येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. बाजेवरच्या माणसाचा स्वतःचा विश्वास किती होता, होता की नव्हता, याबद्दल मार्क काहीही सांगत नाही. आपला विश्वास खचला असेल त्या काळात दुसऱ्यांच्या विश्वासावर पडून राहणे यात काही कमीपणा नाही. मंडळी म्हणजे याशिवाय वेगळे काय असते, हे मला तरी सांगता येणार नाही.

यासाठी मात्र सांगावे लागते, आणि कोकणी माणसाला नेमके तेच जड जाते. घरची गोष्ट चार भिंतींत राहावी असे आपल्यावर संस्कार असतात. सगळ्यांना सांगू नये, एकाला सांगावे. जो ऐकून दुसऱ्या दिवशी रापणीवर त्याची चर्चा करणार नाही असा एक जण निवडावा, त्याला नेमके काय झाले आहे ते सांगावे आणि नेमकी गोष्ट मागावी. ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ म्हटले की समोरचा ‘हो’ म्हणतो आणि विसरतो. ‘महिनाभर रात्री तेर्स (जपमाळ) म्हणताना एक दशक माझ्या नावाने म्हणा, मला सध्या म्हणवत नाही’ असे सांगितले तर तो ते करतो, आणि महिन्याने आपल्याला विचारायलाही येतो.

रविवारी चर्चमध्ये जावे, शेवटच्या बाकावर बसावे. गाणे म्हणवत नसेल तर म्हणू नये. हुंदका आला तर बाहेर येऊन नळावर तोंड धुवावे आणि परत आत जावे. मिस्सेनंतर दारात उभे राहून सहानुभूती गोळा करण्याचा त्रास नको असेल तर शेवटच्या आशीर्वादानंतर लगेच निघावे. त्यात कोणाचा अपमान होत नाही. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी फादरांना निरोप दिला तर ख्रिस्तप्रसाद घरी आणला जातो, आणि हा निरोप द्यायला संकोच करणारी माणसे मी इतकी पाहिली आहेत की ते येथे मुद्दाम लिहितो. आमच्याकडे धर्मग्रामे दूरदूर पसरलेली असल्यामुळे फादरांना आपण होऊन कळेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

मृत्यू झालेल्या घरासाठी परंपरेने काही खुंट्या आधीच ठोकून दिलेल्या आहेत: सातव्या दिवसाची मिस्सा, महिन्याची मिस्सा, वर्षाची मिस्सा आणि २ नोव्हेंबरला कबरीवरचे गवत काढून मेणबत्त्या लावणे. पहिले वर्ष डोळ्यांसमोर अखंड उभे राहिले तर झेपत नाही. पुढची खुंटी कोणती, तेवढेच पाहावे.

काय टाळावे

‘तुमचा विश्वास कमी पडला म्हणून हे झाले’ असे सांगणाऱ्यापासून लांब राहावे. जन्मांध माणसाबद्दल पाप कोणाचे, त्याचे की त्याच्या आईबापांचे, असे शिष्यांनी विचारले तेव्हा येशूने दोन्ही नाकारले. हे योहानाच्या नवव्या अध्यायात आहे आणि त्यावर आणखी वाद घालण्याची गरज नाही. औषधे बंद करायला सांगणारा, आशीर्वादासाठी आधी पैसे मागणारा, किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांशी संबंध तोडायला लावणारा कोणीही असो, त्याच्या सभेला जाऊ नये.

नवसाबाबत माझे मत काहींना कडक वाटेल. वेलांकणी मातेला किंवा एखाद्या संताला साकडे घालणे वेगळे आणि ‘हे झाले तर मी ते करीन’ असा सौदा करणे वेगळे. सौदा फसला की माणूस देवाला बुडवा ऋणको समजू लागतो.

वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर मारण्यात आले, आणि १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. त्यांच्याबद्दल मला अभिमान आहे, पण कर्जाच्या तगाद्याने झोप उडालेल्या माणसापुढे हुतात्म्यांचे दाखले ठेवू नयेत. त्याला उदाहरण नको असते, बँकेत सोबत येणारा कोणीतरी हवा असतो.

चर्चमधल्या माणसांवरचा राग आणि देवावरचा राग हे हिशेब वेगळे ठेवावेत. फार वर्षांपूर्वी एका जमाखर्चाच्या वादावरून मी सात महिने चर्चची पायरी चढलो नाही. त्या सात महिन्यांत ज्याच्यावर माझा राग होता त्याचे काहीही बिघडले नाही.

वादळात मोठे निर्णय घेऊ नयेत. ही सूचना संत इग्नेशियस लोयोला यांची आहे: मन उदास आणि कोरडे असताना, बऱ्या काळात केलेला निश्चय बदलू नये. चर्च सोडणे, पंथ बदलणे, घर विकून मुंबईला जाणे, धाकट्याला सेमिनरीत धाडणे, यांपैकी काहीही त्या रात्री ठरवू नये. वहीत लिहून ठेवावे आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे.

घरातली दोन माणसे दोन ठिकाणी असतील तेव्हा

मूल गेल्यावर आई रोज चर्चमध्ये जाऊ लागते आणि बाप दारातूनही आत येत नाही, असे अनेक घरांत होते. अशा वेळी एकाने दुसऱ्याला ओढू नये. रेव्हरंड टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या निर्णयाने कोलमडून गेल्या आणि काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्या परत आल्या आणि त्यांनी स्वतःचा बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, आपल्या मनाला पटल्यावर. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या निधनानंतर पुरे करणाऱ्या लक्ष्मीबाईच. एका घरात विश्वासाची चाल दोघांची सारखी असत नाही, आणि मागे राहिलेला कायम मागे राहतो असेही नाही.

जो प्रार्थनेला बसत नाही त्याच्यासाठी पाट मांडून ठेवावा, पण हाक मारू नये. मुलांसमोर त्याला टोचून बोलू नये. रायगड जिल्ह्यातील कोर्लईचे ख्रिस्ती लोक १७४० साली पोर्तुगीज निघून गेल्यावरही आपली पोर्तुगीजमिश्रित बोली आणि आपला धर्म धरून राहिले. त्या बोलीची शाळा नव्हती, ती घरातल्या बोलण्यातूनच पुढच्या पिढीकडे गेली. मुले विश्वासही तसाच उचलतात. संकटात आईबाप एकमेकांशी कसे बोलतात हे त्यांच्या कानांवर पडत असते.

खंड पडल्यावर

खंड पडणारच. आठ दिवस वही उघडली जाणार नाही, तीन रविवार चुकतील, उपवासकाळ कधी सुरू झाला आणि कधी संपला ते कळणार नाही. त्या राहिलेल्या दिवसांची थकबाकी भरायला बसू नये. आज संध्याकाळी दिवा लावल्यावर एक दशक म्हणावे आणि वहीत आजची तारीख घालावी, मधली पाने कोरी सोडू नयेत. पापनिवेदनाला गेल्यावर या खंडाबद्दल एका वाक्यात सांगावे. फादर त्यावर फार बोलत नाहीत.

चुलीपुढच्या त्या बाई हल्ली रविवारी येतात, शेवटच्या बाकावर, खांबाआड बसतात. भजनाच्या वेळी ओठ मिटलेले असतात. शांतीचे अभिवादन करताना मात्र वळून हात जोडतात, मलासुद्धा. गेल्या आगोटीला सुके बांगडे द्यायला आल्या असताना त्यांनी टेबलावरची माझी वही पाहिली, काय लिहिता म्हणून विचारले आणि सांगितल्यावर जरा वेळ उभ्या राहिल्या. जाताना एक कोरी वही मागून नेली.